दिव्यावरचे दोन आकडे

घरातल्या फडताळात किंवा माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात जुना, तारेचा विजेचा दिवा पडलेला असेल तर तो शोधून काढा. एलईडीचे दिवे आल्यापासून त्याला कोणी विचारत नाही. पण आजच्या आपल्या कामाला तोच हवा. त्याच्या काचेच्या माथ्यावर पुसट अक्षरांत दोन आकडे छापलेले दिसतील. २३० व्होल्ट आणि ६० वॅट. बस्स, एवढेच. या दिव्यातून किती वीज वाहते आणि त्याची तार विजेला किती अडवते, हे काचेवर लिहिलेले नाही. ते लिहिण्याची गरजही नाही, कारण चारांपैकी कोणतेही दोन आकडे ठाऊक असले की उरलेले दोन आपणच काढू शकतो. कसे काढायचे, आणि काढून काय उपयोग, ते पाहू.

समजा, तुम्ही मलकापूरला राहता. मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यात आहे, एक कोल्हापूर जिल्ह्यात. आपले मलकापूर सातारा जिल्ह्यातले, कराडला अगदी चिकटून, पुणे-बंगळूर महामार्गावरचे. एका अंगाला आगाशिवचा डोंगर, दुसऱ्या अंगाला कोयनेचे पात्र. येथून फार लांब नसलेल्या ओगलेवाडीत १९१६ साली काचेचा कारखाना निघाला आणि तेथला ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघरी जाऊन पोचला. आणि पश्चिमेला, पाटणवरून साठेक किलोमीटरचा रस्ता तुडवला की कोयनेचे धरण लागते. तेथली वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली. म्हणजे दिव्याचा अभ्यास करायला यापेक्षा चांगले ठिकाण शोधूनही सापडायचे नाही.

आधी पाण्यापासून सुरुवात करू. कोयना मुळात पूर्वेला वाहणारी नदी. कराडला ती कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेल्या पाण्याचा मोठा भाग डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून उलटा पश्चिमेला नेला आहे. तेथे सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात उतरतो. पोफळीच्या भूमिगत वीजगृहापर्यंत हे पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते आणि टर्बाइनची चक्रे फिरवते. पूर्वेला शेतीसाठी सोडलेले पाणी मात्र धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून जाते, ते फार उंचावरून पडत नाही. आता विचार करा : एक घनमीटर, म्हणजे एक हजार किलोग्रॅम पाणी दर सेकंदाला पावणेपाचशे मीटर खाली पडले तर किती शक्ती मिळेल? १००० गुणिले ९.८ गुणिले ४७५, म्हणजे सुमारे ४६ लाख ५५ हजार वॅट. तेच पाणी पन्नास मीटरच पडले तर पाच लाख वॅटच्या आसपास, सुमारे ४ लाख ९० हजार. पाणी तेवढेच, पण शक्ती जवळजवळ दहावा हिस्सा. उलट, पाणी पन्नास मीटरवरूनच पडू दिले, पण दहापट सोडले, तर शक्ती पुन्हा तेवढीच.

म्हणजे शक्ती ठरते दोन गोष्टींच्या गुणाकाराने : पाणी किती उंचावरून येते आणि दर सेकंदाला किती येते. विजेचे नेमके असेच आहे. उंचीच्या जागी विभवांतर घाला, ते व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या जागी विद्युतधारा घाला, ती अँपिअरमध्ये मोजतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती, वॅटमध्ये.

शक्ती = विभवांतर × विद्युतधारा

आता दिवा हातात घ्या. ६० भागिले २३० : ०.२६ अँपिअर. काचेवर न लिहिलेला पहिला आकडा सापडला.

दुसऱ्या आकड्यासाठी आपल्याला जर्मनीत जावे लागेल. गेओर्ग सायमन ओहम हा एका कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. तो कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकी शिकवीत असे. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती वीज जाते, हे त्याला मोजायचे होते. पण त्या काळच्या बॅटऱ्या मोठ्या लहरी. प्रयोग संपेपर्यंत त्यांचा जोर निम्म्यावर यायचा. तेव्हा ओहमने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांबे यांचा जोड वापरला. जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे वितळत्या बर्फात. उकळते पाणी आणि वितळता बर्फ यांची तापमाने हलत नाहीत, म्हणून विजेचा जोरही हलत नाही. वीज मोजायला त्याने तारेने टांगलेली चुंबकसूची घेतली. शाळामास्तराच्या ऐपतीतला हा प्रयोग! त्यातून १८२६ साली नियम हाती आला आणि १८२७ साली त्याचे पुस्तक निघाले. विद्वानांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ साली.

मौज अशी की हाच नियम इंग्लंडातल्या हेन्री कॅव्हेंडिशला त्याच्या चाळीसेक वर्षे आधी कळला होता. त्याच्याजवळ मापक नव्हता, म्हणून त्याने स्वतःच्या अंगालाच मापक केले. वीज अंगातून जाऊ द्यायची आणि झटका किती जोराचा बसला ते ताडायचे! त्याने हे छापलेच नाही. १८७९ साली मॅक्सवेलने त्याचे कागद प्रसिद्ध केले तेव्हा जगाला ते समजले. हा प्रयोग तुम्ही करायचा नाही, हे सांगायला नकोच. का करायचा नाही, याचा हिशेब पुढे येईलच.

ओहमचा नियम असा : तापमान आणि वाहकाची बाकीची अवस्था बदलली नाही, तर विभवांतर जितके पट वाढवाल तितके पट विद्युतधारा वाढते. विभवांतराला विद्युतधारेने भागले की येणारी संख्या तीच राहते. तिला त्या वाहकाचा रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात.

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा

आपल्या दिव्याचा रोध म्हणजे २३० भागिले ०.२६, सुमारे ८८२ ओहम. (भागाकार नीट करायचा तर ०.२६०९ घ्या.) चारही आकडे झाले.

झाले का? आता शाळेच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर मागून घ्या. दिवा खोबणीतून काढलेला, गार झालेला असू द्या. त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या काड्या लावून रोध वाचा. ८८२ येणार नाही. ६०-७० ओहमच्या आसपास काहीतरी येईल! मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मल्टिमीटर बिघडला असे समजून दुसरा आणला, आणि तोही तेच सांगू लागला. माझ्या वहीत त्या दिवशी ‘प्रयोग फसला’ असे लिहिलेले आहे.

प्रयोग फसला नव्हता. नियमातले ‘तापमान बदलले नाही तर’ हे शब्द मी वाचून सोडून दिले होते. दिव्यातली टंगस्टनची तार पेटलेली असताना अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तापलेल्या टंगस्टनचा रोध गार टंगस्टनच्या तेरा-चौदा पट होतो. मल्टिमीटरने गार तारेचा रोध सांगितला, आकडेमोडीने तापलेल्या तारेचा. दोघेही खरे बोलत होते. यातून आणखी एक कोडे सुटते. दिवा बहुधा लावताक्षणीच का उडतो? बटण दाबल्याच्या क्षणी तार गार असते, रोध ६५ ओहम धरला तर विद्युतधारा २३० भागिले ६५, म्हणजे साडेतीन अँपिअर. एरवीच्या तेरापट! एका निमिषात तार तापते आणि धारा खाली येते. पण तार कुठे झिजलेली असली तर तेवढा निमिष पुरतो.

इस्त्रीत, शेगडीत आणि पाणी तापवायच्या रॉडमध्ये असते ती नायक्रोमची तार. तिचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. म्हणून हिशेबाला ती भरवशाची. एक हजार वॅटचा रॉड घ्या. धारा ४.३५ अँपिअर, रोध सुमारे ५२.९ ओहम. हिवाळ्यात पहाटे तुम्ही बादलीत रॉड सोडता. पंधरा लिटर पाणी, २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत न्यायचे. एक लिटर पाण्याला एक अंश तापवायला ४२०० जूल लागतात, म्हणजे एकूण १२ लाख ६० हजार जूल. हजार वॅटचा रॉड दर सेकंदाला हजार जूल देतो. १२६० सेकंद, म्हणजे एकवीस मिनिटे.

आता समजा गावच्या टोकाला राहणाऱ्या तुमच्या मित्राच्या घरी पहाटे १८० व्होल्टच येतात. रॉडचा रोध तोच, ५२.९. धारा झाली १८० भागिले ५२.९, म्हणजे ३.४ अँपिअर. शक्ती १८० गुणिले ३.४, म्हणजे ६१२ वॅट. विभवांतर बावीस टक्क्यांनी घटले आणि शक्ती मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी! कारण व्होल्ट घटले की अँपिअरही घटतात, आणि शक्ती दोन्हीकडून मार खाते. तुमच्या मित्राला आंघोळीच्या पाण्यासाठी चौतीस मिनिटे थांबावे लागेल. तो शाळेत उशिरा आला तर गुरुजींनी एवढा हिशेब लक्षात घ्यायला हरकत नाही.

त्याचे वीजबिल जास्त येईल का? नाही. येथे पाण्याचा मीटर आणि विजेचा मीटर यांतला फरक पाहण्यासारखा आहे. २००९ च्या सुमारास मलकापुरात चोवीस तास पाणी देणारी नळयोजना सुरू झाली आणि घरोघरी पाण्याचे मीटर बसले. पाण्याचा मीटर लिटर मोजतो. पाणी जोरात आले की हळू, त्याला घेणे नाही. विजेचा मीटर मात्र नुसती वाहून गेलेली वीज मोजत नाही. तो व्होल्ट, अँपिअर आणि वेळ या तिहींचा गुणाकार करतो. हजार वॅट एक तासभर वापरले की एक युनिट, म्हणजे ३६ लाख जूल. पाणी तापवायला १२ लाख ६० हजार जूल लागले. एकवीस मिनिटांत लागोत की चौतीस मिनिटांत, दोघांच्याही बिलात ०.३५ युनिटच चढतील. (बादलीतून निसटणारी उष्णता आपण सोडून दिली आहे.)

इथवरची गोष्ट घरातली. शेतावर गेले की हिशेब जास्त गंभीर होतो. कराड-मलकापूरच्या परिसरात उसाचे मळे आहेत आणि उसाला पाणी मोटारीने मिळते. ‘मोटार जळाली’ हे दोन शब्द ऐकले की घरात काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. मोटार वर काढायची, वायंडिंगला न्यायची, चार दिवस वाट पाहायची, आणि तोवर ऊस उन्हात. मोटार का जळते?

समजा डीपीपासून विहीर अर्धा किलोमीटर लांब आहे. वीज जायला पाचशे मीटर आणि परत यायला पाचशे, म्हणजे हजार मीटर तार. तार ॲल्युमिनियमची, तिच्या छेदाचे क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर. अशा तारेचा एक मीटरचा रोध ०.००२८ ओहम असतो, हजार मीटरचा २.८ ओहम. दिव्याच्या ८८२ पुढे हे काय! पण मोटार १० अँपिअर ओढते. ओहमच्या नियमाने तारेतच १० गुणिले २.८, म्हणजे २८ व्होल्ट खर्ची पडले. डीपीपाशी २३० असले तरी विहिरीवर पोचतात २०२ च्या आसपास. आणि तारेत जळणारी शक्ती २८ गुणिले १०, म्हणजे २८० वॅट. दिवसाला आठ तास मोटार चालली तर सव्वादोन युनिट नुसती तार गरम करण्यात जातात. कोणी पैसे वाचवायला अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकली तर रोध चौपट, ११.२ ओहम, आणि तारेतच ११२ व्होल्ट जातील; मोटार गुरगुरत उभी राहील, फिरणार नाही. सोळा चौरस मिलिमीटरची टाकली तर साडेसतरा व्होल्टच जातात.

रॉडला कमी व्होल्ट मिळाले तर तो गुमान कमी अँपिअर घेतो. मोटार तशी नाही. तिला पाणी उचलायचे आहे आणि पाण्याचे वजन व्होल्टप्रमाणे घटत नाही. म्हणून व्होल्ट घटले की चालू मोटार साधारणपणे जास्त अँपिअर ओढू लागते. आणि तारेत होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे जेम्स प्रेस्कॉट जूलने १८४० च्या सुमारास मोजून दाखविले. सूत्र आपणही काढू शकतो : शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले रोध, म्हणून शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. दहाचे तेरा अँपिअर झाले तर उष्णता १०० ला १६९. मोटारीच्या आतल्या तारेवरचे वार्निश हे किती वेळ सोसणार? स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटार बंद करतो. तो वारंवार मोटार पाडतो म्हणून त्याला काड्या घालून अडकवून ठेवणारे शहाणे लोक मी पाहिले आहेत. रिलेने अडवलेले तेरा अँपिअर मग सरळ वायंडिंगमध्ये जातात.

एक इशारा. मोटारीच्या बाबतीत व्होल्टला अँपिअरने भागून तारेचा रोध काढू नका, आणि नुसत्या गुणाकाराने शक्तीही काढू नका. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते आणि मोटारीत व्होल्ट व अँपिअर एकाच क्षणी शिखरावर पोचत नाहीत. म्हणून गुणाकाराला एकाहून लहान अशा एका संख्येने पुन्हा गुणावे लागते. तिला शक्तिगुणक म्हणतात. दिवा, इस्त्री, रॉड यांना तिची गरज नाही. शेतातल्या बहुतेक मोटारी तीन फेजच्या असतात, त्यांचा हिशेब आणखी निराळा. पण तारेतल्या गळतीचे कारण तेच.

हेच कारण मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर पोफळीहून मुंबईकडे बघा. अंतर सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. समजा १० कोटी वॅट, म्हणजे शंभर मेगावॅट शक्ती पाठवायची आहे आणि तारेचा एकूण रोध १० ओहम आहे. (प्रत्यक्षात तीन तारा असतात, आपण सोपा हिशेब घेऊ.) गावाबाहेरून जाते त्या अकरा हजार व्होल्टच्या लाइनने ती पाठवली तर धारा ९०९१ अँपिअर. तिचा वर्ग करून दहाने गुणा : सुमारे ८२ कोटी ६० लाख वॅट. दहा कोटी पाठवायचे आणि वाटेत ब्याऐंशी कोटी जाळायचे! हे होऊच शकत नाही. अर्थ इतकाच की ती वीज मुंबईला पोचणारच नाही. आता २ लाख २० हजार व्होल्टने पाठवा. धारा ४५५ अँपिअर, वाटेतला नाश सुमारे २१ लाख वॅट, म्हणजे शेकडा दोन. व्होल्ट वीसपट केले, नाश चारशेपट घटला. त्या उंच मनोऱ्यांचा आणि लांबलचक चिनी मातीच्या बशांचा खटाटोप यासाठी असतो.

कॅव्हेंडिशचा प्रयोग का करायचा नाही, त्याचा हिशेब राहिला. माणसाचे अंग कोरडे असताना त्याचा रोध कित्येक हजार ओहम असतो. ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर उभे असताना तो हजाराच्या आसपास येतो. २३० भागिले १००० : ०.२३ अँपिअर. दिव्याला लागते त्याहूनही कमी! पण हाताचे स्नायू आखडून तार सुटेनाशी व्हायला ०.०१ ते ०.०२ अँपिअर पुरतात, आणि हृदयाची लय बिघडायला ०.१ अँपिअरही पुष्कळ झाले. पाण्याच्या बादलीत रॉड चालू असताना पाणी कोमट झाले का ते बोटाने पाहायची सवय असेल, तर हा भागाकार एकदा स्वतः करून पाहा. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट.

तारेला हात न लावता मोजमाप करायचे असेल तर एक युक्ती सांगतो. घरच्या विजेच्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. ३६ लाख जूल भागिले ३२००, म्हणजे एक लुकलुक ११२५ जूलची. घरच्यांना विचारून फ्रिज, पंखे, दिवे, चार्जर सगळे बंद करा आणि फक्त इस्त्री लावा. इस्त्री तापत असतानाच, ती आपोआप बंद होण्याच्या आत, घड्याळ लावून एक मिनिट लुकलुकी मोजा. समजा ५१ भरल्या. ५१ गुणिले ११२५ भागिले ६० : ९५६ वॅट. घरातल्या स्टॅबिलायझरवर त्या वेळी २२५ व्होल्ट दिसत असतील तर धारा ४.२५ अँपिअर आणि रोध ५२.९ ओहम. हाच प्रयोग दुपारी बारा वाजता करा, आणि पुन्हा संध्याकाळी, साऱ्या गावाचे दिवे आणि मिक्सर चालू असताना करा. वॅट बदलतील, लुकलुकी कमीजास्त होतील. रोध बदलतो का, ते वहीत लिहून ठेवा आणि गुरुजींना दाखवा.